उकळले की विष मरते का?

आमचे आष्टी गाव जालना जिल्ह्यातले, परतूर तालुक्यातले. बीडची आष्टी वेगळी आणि वर्ध्याची आष्टी त्याहून वेगळी. इथून समुद्र पाहायचा तर एक अख्खी रात्र एस.टी.त काढावी लागते. अशा गावातल्या शिक्षकांनी समुद्रातील विषारी शैवाल आणि शिंपल्यांमुळे होणारी विषबाधा यांवर लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण या लेखाचे निमित्त आमच्याच वर्गात घडले, आणि चूक झाली तीही आमच्याच हातून.

शाळेची सहल कोकणात जायची होती. मुलांनी समुद्र पाहण्याआधी त्याविषयी चार गोष्टी ऐकाव्यात म्हणून आम्ही विज्ञान फलकावर वर्तमानपत्रांची कात्रणे लावली. काही रात्री चमकणाऱ्या निळ्या लाटांची होती, काही 'लाल भरती'ची, आणि एक शिंपले खाल्ल्याने झालेल्या विषबाधेचे. ती वाचून आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, पाणी उकळलं की जंतू मरतात. मग शिंपल्याचं कालवण उकळलं की त्यातलं विषपण मरेल ना?" आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "हो, नीट शिजवलं की काही होत नाही." मुलीने ते वहीत लिहून घेतले.

संध्याकाळी पुस्तके उघडली तेव्हा कळले की आमचे उत्तर साफ चुकीचे होते. चुकीचे होते एवढेच नव्हे, तर प्रसंग आला असता तर जीवघेणे ठरले असते. दुसऱ्या दिवशी परिपाठातच आम्ही ते सर्वांसमोर दुरुस्त केले. पण असे उत्तर आमच्या तोंडून इतक्या सहज आले कसे, हा प्रश्न उरलाच. म्हणून फलकावरची सगळी कात्रणे आणि आमची जुनी टिपणे पुन्हा बारकाईने वाचली. या विषयावर लिहिण्याची आणि शिकवण्याची एक ठरावीक रीत पडून गेली आहे, आणि आमच्या चुकीची मुळे त्या रीतीतच आहेत, असे आमच्या लक्षात आले. पुढील परीक्षण कोणा एका लेखाचे वा पुस्तकाचे नाही. ते या रीतीचे आहे, आणि आरोपींच्या यादीत आमचे नाव पहिले आहे.

जंतू आणि विष यांची सरमिसळ

पहिला आणि सर्वांत मोठा दोष हा. 'दूषित शिंपले' असा शब्द आला की त्यामागोमाग 'स्वच्छ धुऊन, नीट शिजवून खावेत' हे वाक्य ठरलेले. कॉलरा, विषमज्वर, कावीळ यांच्या बाबतीत हा सल्ला योग्यच आहे, कारण तिथे शत्रू सजीव आहे. शैवालविष हा मात्र रासायनिक पदार्थ आहे. तो जिवंत नसतो, त्यामुळे त्याला मारण्याचा प्रश्नच येत नाही. प्रश्न एवढाच असतो की उष्णतेने त्याचा रेणू मोडतो की नाही.

यांतील सर्वांत कुप्रसिद्ध विष म्हणजे सॅक्सिटॉक्सिन. अलास्काच्या किनाऱ्यावरील सॅक्सिडोमस या शिंपल्यावरून त्याला हे नाव पडले. घरगुती स्वयंपाकातल्या उकळण्याने ते नष्ट होत नाही. गोठवल्यानेही जात नाही. ते पाण्यात विरघळते, म्हणून त्याचा काही भाग शिजवलेल्या पाण्यात उतरतो. आता कोकणातल्या स्वयंपाकाची पद्धत आठवा. तिसऱ्या उकडताना सुटलेले पाणी फेकत नाहीत, त्याचे सार करतात. म्हणजे शिंपल्यातले विष थोडे कमी झालेच, तर ते वाटीतून पुन्हा पोटात जाणार!

हे विष करते काय? आपल्या मज्जातंतूंतून संदेश जातो तो विजेच्या सूक्ष्म स्पंदाच्या रूपाने. सोडियमचे आयन पेशीच्या आवरणातील खास दारांमधून आत शिरतात आणि हा स्पंद निर्माण होतो. सॅक्सिटॉक्सिनचा रेणू नेमका या दाराच्या तोंडाशी बुचासारखा बसतो. आयन आत जाऊ शकत नाहीत, संदेश थांबतो. प्रथम ओठ आणि जीभ यांना मुंग्या येतात, अनेकदा खाल्ल्यानंतर अर्ध्या तासाच्या आतच. मग बोटे बधिर होतात, हातापायांतले बळ जाते, आणि विषाची मात्रा मोठी असेल तर श्वासपटल थांबते. माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, पण श्वास घेऊ शकत नाही. या विषावर उतारा नाही. तरीही रुग्णाला वेळीच कृत्रिम श्वासोच्छ्वास मिळाला तर शरीर विष बाहेर टाकते आणि साधारणपणे एका दिवसात धोका टळतो. म्हणून 'ओठांना मुंग्या आल्या की घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय' हे एक वाक्य कात्रणातल्या दहा वाक्यांपेक्षा मोलाचे आहे. आमच्या फलकावरील एकाही कात्रणात ते नव्हते.

वर्गात एक साधे गणित करून पाहावे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार एक किलो शिंपल्याच्या मांसात जास्तीत जास्त ८०० मायक्रोग्रॅम सॅक्सिटॉक्सिन चालते. मग १५० ग्रॅम मांस खाणाऱ्याच्या पोटात किती जाईल? उत्तर १२० मायक्रोग्रॅम. शैवालाचा जोरदार बहर असताना हेच प्रमाण किलोमागे १०,००० मायक्रोग्रॅमपर्यंत गेलेले जगात आढळले आहे. तेव्हा त्याच ताटलीतून १,५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दीड मिलिग्रॅम पोटात जाईल. प्रौढ माणसाला साधारण एक ते चार मिलिग्रॅम ही मात्रा मारक मानतात. मिठाचा एक बारीक कण किती असतो ते मुलांना दाखवावे, म्हणजे या आकड्यांचा अर्थ त्यांच्या मनात बसतो.

रंगावरून विष ओळखणे

दुसरा दोष डोळ्यांचा आहे. पाणी लाल म्हणजे विषारी, पाणी निवळ म्हणजे निर्धोक, असे चित्र बहुतेक लिखाणातून उभे राहते. 'लाल भरती' हा शब्द इंग्रजीतून जसाच्या तसा उचलला गेला आणि त्याने हा गैरसमज पक्का केला. हा प्रकार नेहमी लाल नसतो, आणि भरतीशी तर त्याचा काही संबंधच नाही. पाणी लाल, तपकिरी, हिरवे कसेही दिसू शकते. वसंतात आंबा मोहरावा तसे सूक्ष्म शैवाल एकाएकी बहरते. म्हणून 'शैवालबहर' हा शब्द आम्हांला अधिक योग्य वाटतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूसह महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर निळ्या प्रकाशाने चमकणाऱ्या लाटा अनेकांनी पाहिल्या. हा चमत्कार नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाचा. काही बातम्यांनी त्याला 'विषारी' ठरवून टाकले. वस्तुतः नॉक्टिल्युका सॅक्सिटॉक्सिनसारखे विष तयार करत नाही. मात्र त्याच्या पेशींत अमोनिया साठतो, आणि दाट बहर मरून कुजू लागला की पाण्यातला प्राणवायू संपतो, त्यामुळे मासे मरतात. म्हणजे तो माशांना घातक ठरू शकतो, पण शिंपल्यांतून माणसाला लकवा आणणारा तो नव्हे.

उलट बाजू अधिक गंभीर आहे. अलेक्झांड्रियमसारखी विषनिर्मिती करणारी जात पाण्याचा रंग बदलण्याइतकी वाढली नसली तरी शिंपले विषारी होऊ शकतात. कारण शिंपला हा गाळणीसारखा जीव आहे. तो तासन्‌तास पाणी आत ओढतो, त्यातले सूक्ष्म जीव अडकवतो आणि पाणी बाहेर सोडतो. पाण्यात विरळ असलेले विष त्याच्या शरीरात साठत जाऊन दाट होते. स्वतः शिंपला बहुधा ठणठणीत असतो. त्याची चव, वास, रंग यांत काही फरक पडत नाही. चांदीचा चमचा काळा पडतो का पाहणे, लसूण टाकून पाहणे, असल्या परीक्षा जगभर सांगितल्या जातात, पण त्यांपैकी एकीचाही उपयोग नाही. विष आहे की नाही हे प्रयोगशाळेतच कळते.

हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहांच्या साहाय्याने आपल्या किनाऱ्यालगतच्या शैवालबहरांची माहिती देते. हे काम मोलाचे आहे. पण उपग्रहाला दिसतो तो हरितद्रव्यामुळे बदललेला पाण्याचा रंग. रंगामागची जात कोणती आणि तिच्यात विष आहे की नाही, यासाठी पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली आणि शिंपला प्रयोगशाळेत न्यावाच लागतो.

ढोबळ शब्द

तिसरा दोष शब्दांचा. आष्टीतल्या मुलाला 'शैवाल' म्हटले की विहिरीच्या पायरीवरचे घसरडे, हिरवे शेवाळ आठवते. समुद्रातील ज्या जीवांविषयी आपण बोलतो ते तसे नाहीत. त्यांतले बरेच डायनोफ्लॅजेलेट गटातले, म्हणजे दोन चाबकांसारख्या तंतूंनी पाण्यात गिरक्या घेत पोहणारे एकपेशीय जीव आहेत. काही करंडक वनस्पती, म्हणजे डायटम आहेत. १९८७ साली कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरील शिंपले खाऊन शंभरावर माणसे आजारी पडली, तिघे दगावले आणि काहींची स्मृती कायमची गेली. तो प्रताप एका डायटमने तयार केलेल्या डोमोइक आम्लाचा होता. विषेही एकाच जातीची नाहीत: कोणी लकवा आणते, कोणी जुलाब, कोणी स्मृतिभ्रंश.

दुसरा ढोबळ शब्द 'कवचधारी मासे'. हे इंग्रजी शब्दाचे भाषांतर. यात कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, कालवे सगळे एकाच टोपलीत पडतात. खरा धोका प्रामुख्याने पाणी गाळून खाणाऱ्या द्विपुट शिंपल्यांचा, म्हणजे तिसऱ्या, कालवे, शिणाणे यांचा आहे. कोळंबीच्या किंवा पापलेटच्या मांसात हे विष सहसा साठत नाही. पण बातमी ढोबळ असली की गिऱ्हाईक सगळ्याच मासळीकडे पाठ फिरवते, आणि ओहोटीला खाडीत वाकून तिसऱ्या गोळा करणाऱ्या बाईबरोबर बाजारात सुरमई घेऊन बसलेल्या कोळणीचेही नुकसान होते. ढिसाळ शब्दाची किंमत अशी कोणाला तरी मोजावी लागते.

सारा दोष प्रदूषणाचा?

चौथी सवय म्हणजे शेवटच्या परिच्छेदात 'हे सर्व मानवाने केलेल्या प्रदूषणामुळे' असे लिहून मोकळे होणे. आम्हीही परीक्षेत या वाक्याला गुण देत आलो. यात अर्धेच सत्य आहे.

१७९३ साली कॅप्टन व्हॅन्कूव्हरच्या मोहिमेतील खलाशांनी आजच्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर शिंपल्यांची न्याहारी केली. काही आजारी पडले, जॉन कार्टर नावाचा खलाशी त्याच दिवशी मेला. त्या निर्जन किनाऱ्यावर ना कारखाना होता, ना गटार. शैवालविष माणसाच्या उद्योगांआधीपासून आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तर नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलवरचे पोषकद्रव्ययुक्त पाणी निसर्गतःच वर येते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९०८ ते २००९ या काळातील भारतीय किनाऱ्यांवरील १०१ शैवालबहरांच्या नोंदी एकत्र केल्या. त्यांत पश्चिम किनाऱ्याचा, विशेषतः त्याच्या दक्षिण भागाचा वाटा मोठा आहे, आणि बहुसंख्य बहर मोसमी पाऊस परतताना किंवा पाऊस सुरू होण्यापूर्वीचे आहेत. १९५० नंतर नोंदी वाढल्या हेही खरे. त्यातली किती वाढ बहरांची आणि किती पाहणाऱ्या डोळ्यांची, हे वेगळे करून पाहण्याची सवय मुलांना लावली पाहिजे.

मग प्रदूषणाचा काहीच हात नाही का? आहे. जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रात १९७६ साली वर्षभरात सुमारे ३०० लाल बहर नोंदले गेले. सांडपाण्यावर कायद्याने बंधने आल्यानंतर पुढील काळात ती संख्या शंभरच्या घरात आली. म्हणजे सांडपाणी आणि खते आगीत तेल ओततात. पण ठिणगी निसर्गातही असते. कित्येक डायनोफ्लॅजेलेट प्रतिकूल काळात जाड कवचाच्या सुप्त पुटीत जाऊन समुद्राच्या गाळात निजतात. गाजरगवताचे बी जसे जमिनीत पडून राहते आणि पाऊस येताच उगवते, तसेच हे. 'केवळ प्रदूषण' म्हटले की स्वच्छ दिसणाऱ्या खाडीतले शिंपले निर्धोक असा उलटा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा आहे.

ही गोष्ट दूरची नाही

पाचवा दोष असा की या विषयावरील मराठी लिखाण अमेरिकेत सुरू होते आणि जपानात संपते. वाचकाला वाटते, आपल्याकडे असे काही नसते. १९८१ मध्ये तामिळनाडूत शिंपल्यांच्या विषबाधेने तिघे मरण पावले आणि ऐंशीहून अधिक लोक रुग्णालयात गेले. १९८३ मध्ये मंगळूरजवळच्या कुंबळे येथे असेच शिंपले खाऊन एक मुलगा दगावला. सप्टेंबर १९९७ मध्ये केरळातील विळिंजम येथे सात मृत्यू झाले आणि पाचशेहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. कुंबळे आणि विळिंजम दोन्ही आपल्याच अरबी समुद्राच्या काठी आहेत. पाण्याला राज्याची सीमा नसते. सिंधुदुर्ग, रत्नागिरीच्या लोकांनी घाबरून तिसऱ्या सोडाव्यात असे आमचे म्हणणे नाही. पण ही तीन वर्षे आणि ही तीन ठिकाणे आपल्या पाठात असायला हवीत. आम्ही दहा वर्षे व्हॅन्कूव्हर सांगितला, विळिंजम एकदाही सांगितले नाही.

आणि आष्टीचे काय? इथे समुद्र नाही, म्हणून धोका नाही? आमच्या परीक्षणातला सर्वांत अनपेक्षित धडा इथेच मिळाला. सॅक्सिटॉक्सिन समुद्राची मक्तेदारी नाही. गोड्या पाण्यातल्या काही नीलहरित जीवाणूंमध्येही, ज्यांना आपण निळेहिरवे शैवाल म्हणतो, नेमके हेच विष तयार होते. १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात डार्लिंग नदीचा प्रवाह मंदावला आणि सुमारे १,००० किलोमीटर लांबीच्या पात्रात असा बहर पसरला. ते पाणी पिऊन जनावरे मेली. थांबलेले पाणी, कडक ऊन, वाहून आलेली खते, शेण: हे वर्णन वाचताना आमच्या डोळ्यांसमोर डार्लिंग नव्हती, आटत्या दुधनेचे डोह आणि शेततळी होती.

इथे आणखी एक सावधगिरी. गावोगाव तळ्यात हिरवा थर आला की मोरचूद टाकण्याचा सल्ला दिला जातो. १९७९ साली ऑस्ट्रेलियातील पाम बेटावर पिण्याच्या पाण्याच्या धरणात शैवाल मारण्यासाठी मोरचूदच टाकले गेले. पेशी मेल्या, फुटल्या, आणि त्यांच्या आतले विष पाण्यात मिसळले. १४८ लोक आजारी पडले. त्यांत बहुतेक मुले होती. पुन्हा तोच मूळ घोटाळा: जीव मारला म्हणजे विष संपले, ही समजूत. आमच्या वर्गातल्या मुलीच्या प्रश्नात आणि पाम बेटाच्या धरणात एकच चूक आहे, फक्त तिचा आकार वेगळा.

मग शिकवावे कसे?

रोगजंतूंचा पाठ शिकवताना तीन शब्द वेगळे करावेत: जंतू, जंतूने तयार केलेले विष, आणि उष्णतेचा प्रत्येकावरील परिणाम. एक सोपा प्रयोग पुरेसा आहे. एका भांड्यात यीस्ट घातलेले साखरपाणी घ्यावे, दुसऱ्यात मीठपाणी. दोन्ही उकळून थंड करावीत. यीस्टचे फसफसणे थांबते, मिठाचा खारटपणा मात्र तसाच राहतो. उकळण्याने सजीव मरतो, विरघळलेला पदार्थ जाईलच असे नाही, हे मुलांना चाखून कळते. (चाखायचे ते अर्थातच फक्त मीठपाणी, आणि तेही स्वच्छ भांड्यातले.)

दुसरे, गावातील पाणवठ्यांची वर्षभराची नोंदवही ठेवावी. कोणत्या महिन्यात पाण्यावर हिरव्या रंगासारखा थर येतो, पाऊस केव्हा पडला, पाणी किती उरले, जनावरे कुठे पाणी पितात. थराला हात लावू नये, ते पाणी पिऊ नये, जनावरांना पाजू नये, आणि उकळून ते सुरक्षित होईल असे समजू नये. थर दिसला तर ग्रामपंचायतीला आणि आरोग्य केंद्राला कळवावे. रंगावरून 'विषारी' असा निकाल नोंदवहीत लिहू नये. 'थर आढळला' एवढेच लिहावे. पाहिलेले आणि अनुमान केलेले यांत फरक करणे हाच या पाठाचा अर्धा भाग आहे.

कात्रणांनाही श्रेय दिले पाहिजे. ती नसती तर हा विषय आमच्या वर्गात आलाच नसता, आणि तो प्रश्नही नाही. त्या मुलीचा तर्क खोटा नव्हता. तिला जेवढे शिकवले होते त्यावरून तिने योग्य तेच अनुमान काढले. अपुरे होते ते आमचे शिकवणे.

सहल झाली. किनाऱ्यावरच्या खानावळीत तिसऱ्यांचे कालवण आले तेव्हा तिने मालकाला विचारले, "या कुठून आणल्या?" मालक हसला, पण त्याने खाडीचे नाव सांगितले. एवढा प्रश्न विचारण्याची सवय लागली तरी पाठ वाया गेला नाही, असे आम्ही मानतो. आपल्या शाळेच्या परिसरातील पाणवठ्यांविषयी कोणा शिक्षकांनी अशा नोंदी ठेवल्या असतील, तर त्या जरूर कळवाव्यात. आमच्या नोंदवहीचे पहिले पान यंदाच्या उन्हाळ्यात भरले आहे.